दोन्हीकडे काजं

९ जानेवारी

प्रिय बटण,

काल तू फोन केलास. मी उचलला, "हॅलो" म्हणालो, तू "मामा" म्हणालीस, आणि मग आपण दोघं बराच वेळ एकमेकांचा श्वास ऐकत बसलो. शेवटी तू "बरं मग" म्हणालीस आणि मीही "बरं मग" म्हणालो. बिल मात्र तुला आलं असेल.

या घरात फोनवर बोलायचं खातं तुझ्या मामीकडे होतं. मी तिच्या मागे उभा राहून "विचार, जेवली का" एवढंच सांगायचो. आता सांगू कुणाला? म्हणून पत्र. वजनमापं खात्यात इतकी वर्षं अहवाल लिहिल्यामुळे लिहायला हात बसलाय.

माझं ठीक चाललंय. शेजारच्या वहिनी रोज जिन्यात गाठतात. "भाऊजी, आज काय केलंत?" मी म्हणतो, "बटाटा." त्या म्हणतात, "आणि?" मी म्हणतो, "दुसरा बटाटा." मग त्या एक डबा आणून देतात. त्यामुळे बटाटे संपत नाहीत.

मामीची शिवणाची खोली बंद ठेवली आहे. धूळ जाऊ नये म्हणून.

तुला काही हवं होतं का? असेल तर लिही.

तुझा
मामा


१७ जानेवारी

मामा,

तुझं पत्र वर्गात मोठ्याने वाचलं. दुसऱ्या बटाट्याला टाळ्या पडल्या.

हो, हवं होतं. दोन वस्तू हव्या होत्या आणि एक गोष्ट सांगायची होती. सोप्यापासून सुरुवात करतो.

आमच्या फॅशनच्या कॉलेजचं हे शेवटचं सत्र. बारा एप्रिलला मंचावर प्रत्येकाने आपला एक पोशाख दाखवायचा, त्यावरच पास-नापास. मी विषय घेतलाय ती मध्ययुगातली योद्धा संत. तीच, तुमच्या चौकात घोड्यावर बसलेली. पोरीने केस कापले, चिलखत चढवलं, लढाई जिंकली आणि पुढे पकडून मारली गेली. तिची चित्रं दोनच प्रकारची: एक तर चिलखत, नाही तर झगा. मला वेगळाच प्रश्न पडलाय. ती जगली असती, तर चिलखत उतरवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय घालून बाहेर पडली असती? तेवढंच मला शिवायचंय. तर पहिली वस्तू: चौकातल्या पुतळ्याची मापं. खांदा, कंबर, मांडीची लांबी. तुझ्याइतकं चोख माप कोण घेणार?

दुसरी वस्तू, कोट. माझा विषय ऐकल्यावर मामी म्हणाली होती, "तुझ्या संताचा कोट मी शिवणार, बघच तू." ऑगस्टमध्ये तिने कापड कापलं होतं. पुढे ती आजारी पडली आणि मला विचारवलं नाही. तो असेल का रे खोलीत? तिच्या हातचा कोट मंचावर गेला नाही, तर बाकी सगळं मला फुकट वाटेल.

आता ती गोष्ट. वर "सुरुवात करतो" वाचून तू चष्मा पुसला असशील. पुसू नकोस, बरोबर वाचलंस. वर्षभर मी इथे असाच बोलतो. मुलगा झालो असं नाही, पण मुलगी म्हणून राहणं कधी अंगाला बसलंच नाही, काखेत रुतायचं. याच्या पलीकडचं माप मलाच अजून नीट घेता आलेलं नाही. आईला माहीत नाही. मी सांगेन, तू नको. मामीला सांगायचं होतं, ते राहिलं.

बटण हे नाव मात्र राहू दे. चार वर्षांचा असताना मामीच्या डब्यातलं खरं बटण गिळून ते मी कमावलंय.

तुझं
बटण


३० जानेवारी

प्रिय बटण,

आधी तुझी गोष्ट. मी ती दोनदा वाचली. सगळं कळलं असं म्हणत नाही. पण तराजूचा काटा वाकडा दाखवायला लागला, तर मालाला दोष देण्याआधी काट्याखाली काय अडकलंय ते बघावं, एवढं मला नोकरीने शिकवलंय. माझ्या काट्याखाली काय अडकलंय ते बघतो आहे. चुकून "आलीस-गेलीस" लिहिलं, तर खोडून परत पाठव.

आता पुतळा. मंगळवारी ऑफिसची जुनी स्टीलची टेप आणि जिन्यातली शिडी घेऊन गेलो. घराबाहेर इतक्या लांब बऱ्याच दिवसांनी पडलो. शिडी लावली तोच चौकातला रखवालदार आला.

"काका, काय चाललंय?"

"माप घेतोय."

"कशाचं?"

"कमरेचं."

"संतांच्या?" त्याने टोपी काढली. "परवानगी आहे?"

मी म्हणालो, "जन्मभर दुकानदारांची मापं तपासली, कुणी परवानगी विचारली नाही."

"दुकानदार घोड्यावर नव्हते बसलेले," तो म्हणाला. पण माणूस चांगला. थोड्या वेळाने टेपचं दुसरं टोक धरून तोच आकडे ओरडायला लागला. बसची वाट बघणाऱ्यांची चांगली करमणूक झाली.

मापं वेगळ्या कागदावर आहेत. पण एक गोष्ट अहवालात घालण्यासारखी. पुतळ्याला वरून चिलखत आहे आणि खालून पायघोळ झगा. मला ते पटेना, कारण झग्यात घोड्यावर मांड बसत नाही. शिडीवरून उतरून खालून डोकावलो. तर काय, झग्याच्या आत दोन्ही पाय पूर्ण घडवलेले! विजार आहे, गुडघ्यापर्यंत बूट आहेत, टाचेला घोड्याला टोचायचे काटेसुद्धा. रखवालदार म्हणाला, "झगा नंतर बसवलाय म्हणतात. पाय दिसतात म्हणून कुणाला तरी बरं वाटेना." तो जोड कमरेपाशी स्पष्ट दिसतो. काम सफाईदार आहे, पण जोड तो जोडच.

कोटाचं पाहतो. खोलीत सामान फार आहे.

मामा


८ फेब्रुवारी

मामा!

मापाचा कागद वर्गात भिंतीवर लावला. "टाच ते काटा, अंदाजे, रखवालदाराच्या सांगण्यावरून" हे वाचून सगळे हसून लोळले.

आणि ते पाय! पाचशे वर्षांनी तिचा पुतळा करतात, आणि तो झाल्यावरसुद्धा लोकांना तिच्या विजारीचं काहीतरी करावंसं वाटतं. मी तिच्या खटल्याबद्दल वाचतोय. तिला लढाईबद्दल विचारलं त्यापेक्षा कपड्यांबद्दल जास्त विचारलं. हे का घातलंस, ते का नाही, पुन्हा घालशील का.

आमच्या मॅडमचं वेगळंच. त्या म्हणाल्या, "संत आहे, थोडी शोभा हवी. मागे लांब पदरासारखं काहीतरी सोड." मी म्हणालो, "मॅडम, ती लढाईवरून आलीय, लग्नाला नाही चालली." त्या हसल्या, पण पुढे म्हणाल्या, "मग मला पटेल असं दाखव. मुलाचे कपडे मुलीला घातले एवढ्याने काही सिद्ध होत नाही." त्यांचंही खरंय. विजार झाली, सदरा झाला. सगळं अडलंय कोटापाशी.

सापडला का रे? मामा, मोठा कोट आहे, टाचणी नाही.

बटण


२ मार्च

प्रिय बटण,

उशीर झाला. पार्सलवाल्यांचा संप आहे असं सांगायचं मी ठरवलं होतं. लिहायला बसलो तर लिहवेना.

कोट शोधावा लागणार नव्हता. तो पहिल्यापासून तिच्या खोलीत, खिडकीपाशी डमीवर चढवलेला होता. दाराच्या फटीतून पाहिलं की कुणीतरी पाठमोरं उभं आहे असं वाटतं. कोट काढला की तिथे नुसती डमी राहील. एवढंच कारण होतं.

परवा तुझं टाचणीचं वाक्य आठवून हसू आलं आणि त्या हसण्यातच दार उघडलं. कोट काढला. गडद निळा आहे, जाड, समोरचे दोन्ही पल्ले एकमेकांवर येणारा. बाह्या कच्च्या टाक्यांवर आहेत, बाकी पुरा झालाय. त्या तुला लावाव्या लागतील.

आता एक अवघड गोष्ट, ती तुझ्यात-माझ्यात ठेव. कोटात चूक होती. काजं दोन्ही पल्ल्यांना केलेली होती, डावीकडे चार आणि उजवीकडे चार. मला शिवण कळत नाही, पण कोट एकाच बाजूने बंद होतो एवढं माझ्या कोटावरूनही कळतं. तुझ्या मामीने तीस वर्षं नाटकवाल्यांचे कपडे शिवले आणि एक काज वाकडं गेलं नाही. शेवटी शेवटी औषधांनी तिचं लक्ष राहत नसे. तिकडच्या हुशार लोकांनी तो कोट उलटासुलटा करून बघावा आणि म्हणावं, "कोणी केलं हे?" हे मला नको होतं.

म्हणून कोपऱ्यावरच्या रफूवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "कुठली बाजू बुजवू साहेब?"

मी म्हणालो, "बायकांच्या कोटाला काजं कुठे असतात?"

"उजवीकडे. पुरुषांच्या डावीकडे. अंगावर कोण घालणार?"

मी तुझं जानेवारीचं पत्र आठवलं आणि सांगितलं, "उजवीकडची बुजव."

बघ, मी शिकतोय. त्याने कोटाच्याच आतल्या शिलाईतले धागे काढून असं काम केलंय की मलाही चष्म्याशिवाय जागा सापडत नाही. पार्सल आजच टाकतो आहे.

मामा


११ मार्च

मामा,

कोट मिळाला. अंगावर घातला आणि खांदा असा बसला की मी खोलीच्या मधोमध नुसता उभा राहिलो. मापं कधी घेतली तिने? मी तर तिला दिलीच नव्हती.

आता रागावू नकोस, मीही रागवायचं नाही असं ठरवलंय. ती चूक नव्हती.

ऑगस्टमध्ये मामीने एकदा फोन केला होता. म्हणाली, "कोट कुठल्या बाजूने बंद करू गं?" तिने सहज विचारलं होतं, शिंपी विचारतातच. आणि मला उत्तर देता येईना. उजवी म्हणावं तर खोटं, डावी म्हणावं तर मग पुढचं सगळं सांगावं लागणार. मी गप्प. तीही गप्प. नंतर म्हणाली, "बरं. कळलं," आणि लगेच शेजारच्या मांजराबद्दल बोलायला लागली. मला वाटलं, तिला वाटलं असेल की मला काही फरक पडत नाही.

आज कोट उलटा करून पाहिला. वळलेली कॉलर दोन्हीकडे सारखी बेतलीय. आत लपवलेलं बटणसुद्धा दोन्हीकडे आहे. मामा, हा कोट दोन्ही बाजूंनी बंद होण्यासाठीच कापलाय. सकाळी डावा पल्ला वर घ्या, संध्याकाळी उजवा. कुणी विचारलं तर सांगायची गरजच नाही.

मॅडमना जे हवं होतं ते हेच होतं. मामीने ते सात महिन्यांपूर्वीच करून ठेवलं होतं.

रफू इतकं सुंदर आहे की राग काढायला जागा सापडत नाही. चौकातल्या लोकांनीही झगा आदरानेच बसवला असेल. तूही बसवलास, आणि तोही माझ्या बाजूने! आता मी हसू की रडू? काल दोन्ही करून झालं.

मी कात्री हातात घेतली आणि ठेवली. मी उसवणार नाही. बुजवलंस तू, उसव तू. बारा एप्रिलच्या दोन दिवस आधी इथे ये. तू उसव, मी काजांच्या कडा पुन्हा बांधतो.

बटण


१५ मार्च

प्रिय बटण,

तो ऑगस्टचा फोन मला आठवतो. मी नेहमीप्रमाणे मागे उभा होतो. तिने फोन ठेवला तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाली?"

"काही नाही."

"मग इतका वेळ काय ऐकत होतीस?"

"तेच," ती म्हणाली.

मग ती खोलीत गेली आणि कात्रीचा आवाज आला. मला वाटलं, तुमचं काहीतरी बिनसलं. तिला मी दुसऱ्यांदा विचारलं नाही, विचारायची आम्हाला सवय नव्हती. तुझी मापं तिने दिवाणखान्यातल्या तुझ्या उभ्या फोटोवरून आणि मागच्या सुट्टीत तू विसरून गेलेल्या शर्टावरून घेतली असावीत. तो शर्ट तिच्या टेबलावर होता. मी धुऊन ठेवला होता. आज पुन्हा टेबलावर ठेवला.

ती गेल्यापासून मी या गावाबाहेर गेलेलो नाही. कुलूप लावून निघायचं म्हटलं की वाटतं, घरात कुणी आलं तर? कोण येणार आहे, ते मलाही माहीत आहे.

येतो.

मामा


२९ मार्च

मामा,

तुझं "येतो" मी पाकिटात जपून ठेवलंय.

काल आईला सांगितलं. फोनवर. ती म्हणाली, "बरं," आणि ठेवला. मग आज दिवसभर फोन नाही. तुमच्या घराण्यातली माणसं फोनवर आहेत की गेली, काही कळायला मार्ग नाही.

मॅडमना कोट दाखवला आणि बुजवलेल्या काजांची हकिगत सांगितली. त्या खूप वेळ अस्तर बघत होत्या. मग म्हणाल्या, "उसवून होईल ना वेळेत?" मी म्हणालो, माझा मामा वजनमापं खात्यातला आहे, त्याने कधी चुकीचं माप खपवून घेतलेलं नाही. (तू सराव करतोयस ना?)

बटण


४ एप्रिल

प्रिय बटण,

सराव चालू आहे. रफूवाल्याने एक जुनी पँट दिली आणि म्हणाला, "धागा ओढायचा नाही साहेब, धाग्याला मनवायचं." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मनवायचं म्हणालो होतो, धमकवायचं नाही." पँट आता पँट राहिलेली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र एक बुजवलेलं काज अख्खं उघडलं. त्याने दोन चहा मागवले.

तुझी आई परवा आली. चप्पल न काढताच म्हणाली, "दादा, तुला माहीत होतं?" मी हो म्हणालो. "आणि मला सांगितलं नाहीस?" मी म्हणालो, "मला सांगायला बंदी होती." मग ती बसली. रडली थोडी. मग म्हणाली, "वहिनीला?" मी तिला कोटाची हकिगत सांगितली. ती ऐकत गेली आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे तिला न सांगता कळलं, आणि आपल्याला सांगूनही कळत नाही."

मी म्हणालो, "मी दहाला निघतोय. यायचं तर ये." जाताना ती गाडीची वेळ विचारून गेली.

मामा


१८ एप्रिल

मामा,

तू खुर्चीत बसून जे पाहिलंस ते तुला माहीत आहे. पडद्यामागचं सांगतो.

तू उसवलेली काजं मी रात्री बांधली. चौथं बांधताना धागा दोनदा तुटला, तेव्हा आईने सुई माझ्या हातातून काढून घेतली आणि उरलेलं तिनेच बांधलं. मामीने तिला लग्नाआधी शिकवलं होतं म्हणे! हे आजवर कुणी बोललं नाही. ती सुईकडे बघतच म्हणाली, "फोन ठेवला तेव्हा मला काय बोलावं सुचत नव्हतं. आताही सुचत नाहीये. हात वर कर, काखेत ओढतंय का बघू." नाही ओढलं.

मॉडेलला घालायचा होता तो कोट. ऐनवेळी मॅडम म्हणाल्या, "खांदा तुझा आहे. तूच जा." मी गेलो. डावा पल्ला वर घेऊन निघालो. मंचाच्या टोकाला उभा राहिलो, सगळी बटणं काढली आणि उजवा वर घेऊन लावली. सावकाश, घरी एकटा असल्यासारखा. हे ठरवलं होतं. ठरवलं नव्हतं ते असं, की लावून झाल्यावर हसू आलं. त्या चौकातल्या बिचारीला अजून उतरू दिलेलं नाही घोड्यावरून, आणि इथे मी तिचा कोट घालून हसतोय. मग मला अंधारात तुझा चष्मा दिसला. तू तो पुसत होतास.

पास झालो. मॅडमनी शेऱ्यात लिहिलंय: "कोट: मामी. विचार: दोघांचा." मी त्यात "उसवणूक: मामा, शेवटचं काज: आई" असं पेन्सिलने वाढवलं.

आईने काल फोन केला. अर्धा वेळ गप्प होती. मी तेही ऐकलं.

बटण


२ मे

प्रिय बटण,

परत आलो तेव्हा कुलूप होतं तसंच होतं. घरात कुणी आलेलं नव्हतं. आत गेलो आणि मामीच्या खोलीची खिडकी उघडली. धूळ येते. येऊ दे.

डमी रिकामी आहे. पहिले दोन दिवस तिकडे बघवत नव्हतं. मग शेजारच्या वहिनी डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, मोकळी झाली वाटतं," आणि स्वतःची ओढणी तिच्यावर टाकून चहा करायला आत गेल्या. तेव्हापासून ती नुसतीच डमी आहे.

परवा चौकात गेलो होतो. रखवालदाराला तुझा मंचावरचा फोटो दाखवला. त्याने तो बराच वेळ पाहिला, मग पुतळ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, तो झगा स्क्रूने लावलाय. मी पाहून ठेवलंय." मी त्याला सांगितलं की मी निवृत्त आहे. तो म्हणाला, "मी नाही."

रफूवाल्याकडे रोज सकाळी जातो. उसवणं येतं, आता काज करायला शिकतो आहे. काल पहिलं पूर्ण केलं. त्याने ते उजेडात धरलं आणि म्हणाला, "साहेब, याला काज नाही म्हणत, अपघात म्हणतात." पण फेकू दिलं नाही.

मामीच्या कपाटात त्याच निळ्या कापडाचा तुकडा उरलाय, जाकिटापुरता. तुझी मापं मला पाठव. फोटोवरून घ्यायला मी काही तुझी मामी नाही, मला विचारावंच लागेल. छाती, खांदा, उंची, आणि कुठल्या बाजूने बंद करायचं तेही. अजून ठरलं नसेल तर तसं लिही. दोन्हीकडे काजं करायला मला दुप्पट वेळ लागेल, पण मला वेळ आहे.

सोबत चिंधी आहे. ते माझं पहिलं काज.

मामा